व्याह्यांच्या घरी २००१ सालचा विषय निघतो तेव्हा

प्रश्न : आम्ही गेली अठरा वर्षे सिडनीच्या पश्चिमेला, वेंटवर्थविलमध्ये राहतो. मुलीचे लग्न चार वर्षांपूर्वी इथल्याच एका ऑस्ट्रेलियन कुटुंबात झाले. व्याही आणि विहीणबाई मनाने फार चांगले आहेत आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला, रग्बी लीगच्या ग्रँड फायनलच्या, म्हणजे मोसमातल्या अंतिम सामन्याच्या, संध्याकाळी, आम्हांला आग्रहाने घरी बोलावतात. अडचण अशी, की त्या दिवशी मैदानात कोणतेही संघ असोत, सामना सुरू होण्याआधीचे दोन तास व्याही, त्यांचे भाऊ आणि आमचे जावई २००१ साली पॅरामॅटाचा, म्हणजे इथला सिडनीच्या पश्चिमेचा, संघ कसा हरला याविषयीच बोलत असतात. आम्ही दोघे हसऱ्या चेहऱ्याने बसून राहतो. गेल्या वर्षी माझे यजमान सहज म्हणून गेले, की इतक्या वर्षांपूर्वीचा सामना, शेवटी खेळच तो, अजून काय घेऊन बसलात? व्याही एक शब्दही न बोलता उठून मागच्या अंगणात गेले. मुलगी नंतर आमच्यावर रागावली. यंदाचेही बोलावणे आले आहे. जावे का, आणि गेलो तर काय बोलावे?

उत्तर : ताई, जरूर जावे. न गेल्यास गेल्या वर्षीचे ते एक वाक्य कायमचे मध्ये येऊन बसेल. मात्र जाण्यापूर्वी तुमच्या यजमानांनी व्याह्यांना स्वतः फोन करावा आणि एवढेच म्हणावे, की त्या दिवशी मी विचार न करता बोललो, यंदा मला तो सामना नीट समजून घ्यायचा आहे. हा निरोप मुलीमार्फत पाठवू नये. दोन्ही घरांच्या मध्ये उभे राहण्याचे काम तिच्याकडे आधीच पुरेसे आहे.

आता त्या सामन्याविषयी थोडे सांगते, कारण ज्या गोष्टीवर तासन्‌तास बोलले जाते ती गोष्ट मुळात काय होती हे ठाऊक नसेल, तर कितीही सोज्वळ चेहरा ठेवला तरी समोरच्याला आपला कंटाळा दिसतोच.

पॅरामॅटा हे नाव मूळच्या दारुग लोकांच्या भाषेतून आले असून वाम माशांची जागा असा त्याचा अर्थ सांगितला जातो. संघाचे नाव ‘ईल्स’ म्हणजे वाम, ते यावरूनच. हा संघ १९४७ साली स्पर्धेत आला आणि पहिले विजेतेपद मिळवायला त्याला १९८१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात १९७६ ची अंतिम फेरी मॅन्लीविरुद्ध तीन गुणांनी गेली, १९७७ ची ९–९ अशी बरोबरीत सुटली आणि पुन्हा खेळवलेल्या सामन्यात सेंट जॉर्जने २२–० असे हरवले. इतकी वर्षे थांबलेल्या लोकांना १९८१ चा आनंद इतका झाला, की त्या रात्री त्यांनी आपल्याच जुन्या कंबरलँड ओव्हल मैदानावरचे लाकडी स्टँड पेटवून दिले. (आपल्याकडे विजयाच्या मिरवणुकीत काय काय होते हे ठाऊक असल्याने मी यावर नाक मुरडणार नाही.) त्यानंतर १९८२, १९८३ आणि १९८६ अशी आणखी तीन विजेतेपदे आली. १९८६ नंतर एकही नाही.

तुमचे व्याही ज्या सामन्याविषयी बोलतात तो ३० सप्टेंबर २००१ रोजी, ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये झाला. ग्रँड फायनल रात्री खेळवण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या मोसमात पॅरामॅटाचा संघ गुणतक्त्यात पहिला होता आणि त्याने साखळी सामन्यांत ८३९ गुण केले होते. एका मोसमात इतके गुण तोवर कोणत्याही संघाने केले नव्हते. त्यामुळे न्यूकॅसलविरुद्धच्या त्या सामन्याला पॅरामॅटाचे लोक जिंकलेल्या संघाची मिरवणूक पाहायला निघावे तसे निघाले होते. मध्यंतराला फलकावर २४–० असे आकडे होते आणि शून्य पॅरामॅटाच्या नावापुढे होते.

या आकड्यांचे वजन कळण्यासाठी खेळाचा हिशेब थोडासा माहीत हवा. रग्बी लीगमध्ये प्रत्येक बाजूला तेरा खेळाडू असतात. चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिस्पर्ध्यांनी सहा वेळा पकडून थांबवले, की चेंडू त्यांच्याकडे जातो. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्रायचे चार गुण मिळतात आणि नंतरची लाथ खांबांमधून गेली तर आणखी दोन. म्हणजे चोवीस गुण भरून काढायचे तर चार ट्राय आणि चारही लाथा अचूक हव्यात, तेही समोरच्याने त्या वेळात काहीही मिळवले नाही तर. कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला या खेळातली पकड समजायला फारसा वेळ लागत नाही. तुमचे यजमान लालबाग-परळच्या बाजूचे असतील तर आणखी एक नाते त्यांच्या लक्षात येईल. हा खेळ १८९५ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील गिरण्या आणि खाणींच्या प्रदेशात रग्बीच्या जुन्या संघटनेतून फुटून निघाला आणि भांडण होते ते कामगार खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही यावरून. गिरणगावातल्या मैदानांवर कबड्डीचे जे स्थान होते, ते सिडनीच्या कामगार वस्त्यांत या खेळाचे राहिले आहे. म्हणूनच त्याला पंधरा खेळाडूंच्या रग्बी युनियनशी एक समजण्याची चूक व्याह्यांसमोर करू नये. ती चूक गेल्या वर्षीच्या वाक्यापेक्षाही महाग पडेल.

उत्तरार्धात पॅरामॅटाने चोवीस गुण केले. न्यूकॅसलने सहाच केले. सामना ३०–२४ असा संपला. खरा सल तिथे आहे, असे मला वाटते. सरसकट मार खाल्लेला संघ माणूस विसरू शकतो, पण ज्या सामन्याचा अर्धा भाग आपण जिंकला त्यातले जर-तर आयुष्यभर संपत नाहीत. तुमच्या व्याह्यांचे आणि त्यांच्या भावांचे जे दोन तास जातात ते या जर-तरमध्येच जात असणार.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांचे उदाहरण देते. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे आणि त्यात त्या रात्रीची दोन तिकिटे आहेत. मला ती त्यांनी एकदा दाखवली तेव्हा आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना उभे होतो. लिंबे द्यायला म्हणून ते आले होते आणि विषय कसा निघाला ते आता आठवत नाही. तिकिटे पिवळी पडली आहेत, एकाच्या कोपऱ्यावर टोमॅटो सॉसचा डाग आहे. तो डाग त्यांच्या मुलाचा. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. मध्यंतराला मुलगा हुंदके देऊन रडू लागला, म्हणून हे त्याला घेऊन बाहेर पडले. ऑलिंपिक पार्कच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असताना मागून स्टेडियमचा पहिला जल्लोष ऐकू आला. मुलाने विचारले, आपले की त्यांचे? हे म्हणाले, त्यांचेच असणार. तेवढ्यात गाडी आली आणि ते चढले. मुलगा आता पर्थला असतो, त्याला स्वतःला दोन मुले आहेत आणि तो फोन ठेवताना अजून कधीकधी विचारतो, बाबा, आपले की त्यांचे? हे सांगताना शेजारी हसत होते, पण डब्याचे झाकण लावायला त्यांना दोनतीनदा प्रयत्न करावा लागला.

या माणसाला मी त्या रात्री ‘शेवटी खेळच तो’ असे म्हटले असते तर मी नेमके कशाला खेळ म्हणत होते? गुणांचा हिशेब त्याने केव्हाच सोडून दिला आहे. त्याच्या मनात राहिला आहे तो फलाट आणि मुलाचा हात. म्हणून माझा सल्ला असा, की यंदा विषय निघाला की तुमच्या यजमानांनी आपणहून विचारावे, त्या रात्री तुम्ही कुठे होता, तुमच्याबरोबर कोण होते? सामना कसा हरला हे विचारू नये, ते उत्तर त्यांना पाठ आहे. कुठे होता हे विचारले, की त्यांच्या वडिलांचा, जुन्या घराचा, एखाद्या आता नसलेल्या मित्राचा विषय निघेल आणि तेवढे ऐकायला खेळाचे ज्ञान लागत नाही. तुमचे जावईही तेव्हा लहान असतील. त्यांना वेगळे विचारा. मुलगा आणि वडील एकाच रात्रीची दोन वेगळी वर्णने करतील आणि त्यावरून त्यांची जी हुज्जत होईल ती ऐकण्यासारखी असेल.

दोन गोष्टी जपाव्या लागतील. पहिली २००९ सालची. त्या वर्षी पॅरामॅटा आठव्या, म्हणजे बाद फेरीतल्या शेवटच्या, स्थानावरून अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि मेलबर्न स्टॉर्मकडून २३–१६ असा हरला. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१० मध्ये, मेलबर्नने खेळाडूंच्या मानधनाची ठरलेली मर्यादा लपूनछपून मोडल्याचे उघड झाले आणि त्यांचे २००७ व २००९ चे विजेतेपद काढून घेण्यात आले, पण ते दुसऱ्या कोणालाही देण्यात आले नाही. आपल्याला चटकन वाटते, मग तुम्हीच जिंकलात की! कृपया हे म्हणू नका. त्या जागेवर कोणाचेही नाव नाही, आणि मिळालेला न्यायही कोरडाच निघाला ही त्या लोकांची तक्रार सांत्वनाने मिटणारी नाही. त्यांच्या लाडक्या नेथन हाइंडमार्शने याच एका संघाकडून ३३० सामने खेळले, २००१ आणि २००९ असे दोन्ही अंतिम सामने खेळले आणि विजेतेपदाशिवाय तो निवृत्त झाला. त्याचे नाव निघाले की नुसते ऐकावे.

दुसरी २०२२ ची, ती अजून ताजी आहे. त्या वर्षी पेनरिथने २८–१२ असे हरवले. सिडनीच्या पश्चिमेतलेच दोन शेजारी एकमेकांसमोर होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कचेरीत, दुकानात, शाळेच्या फाटकाशी जिंकलेल्यांची तोंडे पाहणे चुकले नाही. तो २ ऑक्टोबरचा रविवार होता, आपल्याकडे नवरात्रातली सातवी माळ. आमच्या एका परिचितांच्या घरी त्या संध्याकाळी आरती आणि पहिला अर्धा भाग एकाच वेळी चालला होता, आणि निळा-पिवळा जर्सी घातलेला त्यांचा मुलगा टाळ वाजवता वाजवता डोळे पुसत होता. आजी समजल्या की पोराला भक्तीचा उमाळा आला आहे, आणि त्यांना कोणीही खरे सांगितले नाही.

आता तुमच्या यजमानांना एक प्रश्न. २३ मार्च २००३ च्या अंतिम सामन्यात ३६० धावांचा पाठलाग करताना सचिन पहिल्याच षटकात चार धावांवर मॅकग्राच्या हाती झेल देऊन परतला, तेव्हा ते कुठे होते? मला खात्री आहे की ते खोली, खुर्ची आणि शेजारी बसलेल्या माणसासकट सांगतील. १९९६ साली ईडन गार्डन्सवरून रडत बाहेर येणारा विनोद कांबळी आपल्यापैकी कोण विसरले आहे? १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादचा सामना संपला तेव्हा सिडनीत मध्यरात्र उलटून पहाटेकडे वेळ चालली होती, आणि सोमवारी सकाळी कामावर जाऊन जिंकलेल्या देशातल्या सहकाऱ्यांशी हसून बोलणे आपल्यापैकी अनेकांनी केले आहे. यांपैकी दोन पराभव व्याह्यांच्याच देशाने दिलेले असल्याने तुमचे यजमान त्यांची आठवण काढतील तेव्हा थोडी गंमतही होईल. मात्र ही आठवण दुसऱ्या क्रमांकावर यावी. आधी व्याह्यांचे पूर्ण ऐकून घ्यावे, मग आपले सांगावे, आणि कोणाचा पराभव अधिक मोठा हे ठरवण्याच्या भानगडीत पडू नये.

मुलीलाही थोडे मोकळे सोडा. सासरच्यांचे काही दुखले की माहेरच्यांकडे डोळे वटारून पाहायचे, ही सवय परदेशात लग्न झालेल्या आपल्या मुलींना लवकर लागते. त्या संध्याकाळी तिने पहारा देण्याची गरज नाही, हे तिला आधीच फोनवर सांगून ठेवा.

खाण्याचे म्हणाल तर तिथे शेगडीवर सॉसेज आणि कांदा असणारच. त्या दिवसांत तुमचे नवरात्राचे उपवास चालू असतील, तर साबुदाण्याचे वडे करून न्या आणि आपल्यापुरतेच नेऊ नका, कारण दाण्याच्या कुटाची चटणी बरोबर असली की ती ताटली सामना सुरू होण्याआधीच रिकामी होते. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, एवढे विहीणबाईंना विचारून घ्या.

आणि एक बारीक गोष्ट. आमचे शेजारी त्या रात्रीनंतर कोणत्याही सामन्याच्या मध्यंतराला जागेवरून उठत नाहीत, मग फलकावर काहीही असो. तुमचे व्याहीही उठत नसतील तर कारण विचारू नका, त्यांचा चहा तिथेच नेऊन द्या.