शेंगांच्या होड्या

"ताई, ह्याला कशातच रस नाही. काहीही करायला दिलं तरी अर्ध्यावर सोडतो."

जानेवारीचा पहिला आठवडा, नाशिकची थंडी. चार वर्षांचा मुलगा कानटोपी घालून आईला चिकटून बसलेला. शाळेने संक्रांतीसाठी घोटीव कागदाचा पतंग करून आणायला सांगितला होता. त्याने एक तुकडा चिकटवला आणि उठून गेला. बाकीचा पतंग आईने रात्री अकरापर्यंत बसून केला. मी लहान मुलांच्या पालकांना सल्ला देते. ही तक्रार हिवाळ्यात माझ्याकडे फार येते.

त्याचं बोलणं, ऐकणं, नजर देणं मी आधी पाहून घेतलं. तिथे शंका आली असती, तर पहिल्यांदा बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तसं काही नव्हतं. मग जमिनीवर परातीत कोमट पाणी ठेवलं आणि शेजारी मटारच्या शेंगा, चिंचोके, वाळकी पानं. काय करायचं ते सांगितलं नाही.

थोड्या वेळाने त्याने एक रिकामं साल पाण्यात सोडलं. तरंगलं. त्यात एक दाणा ठेवला, मग दुसरा. तिसऱ्याला साल कलंडलं. "अरे, असं नाही, मधोमध ठेव," म्हणत आईने दाणा उचलून नीट ठेवून दिला. त्याने हात मागे घेतला आणि तो तिच्या मांडीवर जाऊन पडला.

"बघा, सोडलं!" आई म्हणाली.

मला मात्र दिसलं ते वेगळं होतं. त्याने सोडलं नव्हतं, त्याच्या हातून काम गेलं होतं. हे मी तिला जपून सांगितलं, कारण रात्री जागणाऱ्या आईला आणखी अपराधी वाटायला नको होतं.

पुढच्या भेटीत पाव किलो मटार आईपुढे ठेवले. म्हटलं, "तुम्ही सोलत बसा. त्याच्याकडे बघा, पण हात शेंगांतच राहू द्या." तिला ते जड गेलं. दोनदा हात पुढे झाला आणि मागे आला. मुलगा पंचवीस मिनिटं खेळला. चिंचोका टाकला की होडी बुडते, हे त्याने चार वेळा करून पाहिलं. शेवटी दाण्यांवर वाळकं पान ठेवलं.

"होडीला छप्पर केलंस?" आईने विचारलं.

"नाही. दाणे झोपलेत. त्यांना थंडी वाजते."

आई माझ्याकडे बघतच राहिली.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावच्या बालवाडीत शंख-शिंपले, बिया, पानं अशाच वस्तू मुलांच्या हातात दिल्या. घरी हिवाळ्यात तर काही विकत आणायलाच नको. उसाची चिपाडं, बोरांच्या बिया, पतंगाचे फाटके कागद पुरतात. फक्त पाणी, दाणे किंवा बिया असतील तेव्हा जवळ बसा. दाणे आणि बिया मुलं नाकात घालतात. तीन वर्षांखालच्या मुलांना त्या देऊच नका, त्यांना परातीतलं पाणी आणि वाट्या पुष्कळ.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. स्वयंपाकघर रोज ओलं होतं, म्हणाली, पण आवाज हसरा होता. शाळेतून नवं काम आलं होतं, कागदाचं फूल.

"कात्री त्याला अजून नीट धरता येत नाही, ताई. मी कापून देऊ?"

"कागद तुम्ही ताणून धरा," मी म्हटलं, "कुठे कापायचं ते त्याला ठरवू द्या."

"आणि फूल दिसलंच नाही तर?"

"तर त्याने जे केलंय तेच शाळेत जाऊ द्या."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "बरं. ह्या वेळी तसंच पाठवते."