सामाईक सर्व्हरवर बिल्ड करताना परवानग्या कशा ठेवाव्यात?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या संगणक विभागात शेवटच्या वर्षाचे सर्व प्रकल्प-गट एकाच लिनक्स सर्व्हरवर सॉफ्टवेअर बिल्ड करतात (मूळ कोडपासून चालवता येणारा प्रोग्राम तयार करतात). ‘परवानगी नाही’ असा संदेश वारंवार येऊ लागल्याने प्रयोगशाळा सहायकांनी संपूर्ण डिरेक्टरीला ७७७ परवानगी (सर्वांना वाचण्याची, लिहिण्याची व चालवण्याची मुभा) दिली आणि अडचण दूर झाली. यात काही धोका आहे का?
— एक प्राध्यापिका, लातूर

उत्तर : धोका आहे, आणि तो गंभीर आहे. ७७७ दिल्यावर सर्व्हरवर खाते असलेल्या कोणालाही तेथील प्रत्येक फाइल बदलता येते. मेकफाइलमधील (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलीतील) आज्ञा बिल्ड करणाऱ्याच्या अधिकाराने चालतात. म्हणून एखाद्याने दुसऱ्या गटाच्या मेकफाइलमध्ये एक ओळ घातली आणि पुढे सहायकांनी रूट (सर्वाधिकार असलेले प्रशासक खाते) म्हणून ‘मेक इन्स्टॉल’ ही सॉफ्टवेअर बसवण्याची आज्ञा चालवली, तर ती ओळ रूटच्या अधिकाराने चालेल.

शिवाय मूळ कारण तसेच राहिले आहे. बहुतेक ठिकाणी यूमास्क (नव्या फाइलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या हे ठरवणारे मूल्य) ०२२ असतो, त्यामुळे नव्या फाइलीत फक्त तिच्या मालकालाच लिहिता येते. ७७७ केवळ त्या वेळी असलेल्या फाइलींना लागू झाले. नव्या फाइलींबाबत तोच संदेश पुन्हा येईल. त्याऐवजी प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र ग्रुप करावा, त्याच्या डिरेक्टरीला २७७० परवानगी द्यावी आणि विद्यार्थ्यांचा यूमास्क ००७ ठेवावा. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणाऱ्या फाइलींना प्रकल्पाचाच ग्रुप मिळतो, यूमास्कमुळे सहकाऱ्यांना लिहिता येते आणि २७७० मधील शेवटच्या ० मुळे इतरांना आत प्रवेशच राहत नाही. जुनी डिरेक्टरी दुरुस्त करत बसू नये. दरम्यान त्यात कोणी काय बदलले हे परवानग्यांवरून कळत नाही, म्हणून गिटमधील (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतील) विश्वासार्ह प्रतीवरून नव्याने सुरुवात करावी.

रूट म्हणून बिल्ड तर कधीच करू नये. तात्पुरत्या फाइलींना ठरावीक नावे न देता ‘एमकेटेम्प’ ही आधी ओळखता न येणारे नाव देणारी आज्ञा वापरावी.

एका डिरेक्टरीच्या ढिलाईने काय घडू शकते, हे मार्च २०२१ मध्ये ग्नू गीक्स या पॅकेज व्यवस्थेत उघड झालेल्या त्रुटीवरून दिसते. तेथे प्रत्येक बिल्ड वेगळ्या, मर्यादित खात्याने चालते, म्हणजे रचना तुमच्यापेक्षा कितीतरी काटेकोर आहे. तरीही बिल्ड प्रक्रियेला स्वतःची डिरेक्टरी सर्वांना लिहिण्याजोगी करता येत होती. सामान्य वापरकर्ता तिच्यात रूटच्या एखाद्या फाइलीची हार्डलिंक (त्याच फाइलीचे दुसरे नाव) ठेवू शकत असे, आणि फसलेले बिल्ड जपून ठेवण्याचा पर्याय दिलेला असल्यास रूटच्या अधिकाराने चालणारी सेवा त्या फाइलीची मालकीही त्याच्या नावे करत असे. उपाय म्हणून बिल्ड डिरेक्टरी फक्त रूटलाच प्रवेश असलेल्या दुसऱ्या डिरेक्टरीच्या आत ठेवण्यात आली.

कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) ‘प्रोटेक्टेड हार्डलिंक्स’ ही सेटिंग सुरू असल्यास हा हल्ला अडतो. ती आणि सिमलिंकसाठी (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यांसाठी) असलेली ‘प्रोटेक्टेड सिमलिंक्स’ या दोन्ही सेटिंगचे मूल्य १ आहे का, हे सहायकांकडून आजच तपासून घ्यावे.