पेट्रोल महागले म्हणून कर्ज काढून सीएनजी गाडी घ्यावी का?

कल्याणहून ऐरोलीला आठवड्यातून पाच दिवस स्वतःच्या गाडीने कामाला जाणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, पेट्रोलचा खर्च डोईजड झाल्यामुळे सहा वर्षे वापरलेली गाडी चार लाखांना विकावी आणि साडेनऊ टक्के व्याजाने पाच लाखांचे पाच वर्षांचे कर्ज काढून नवी सीएनजी गाडी घ्यावी का.

माझे उत्तर असे की, सध्या घेऊ नये. आपण कळवलेले आकडे धरूनच हिशेब मांडतो. महिन्याला १,००० किलोमीटर, लिटरला १४ किलोमीटर आणि १०४ रुपये दर, म्हणजे पेट्रोलवर सुमारे ७,४०० रुपये जातात. नवी गाडी किलोला २२ किलोमीटर चालली आणि सीएनजी ८० रुपयांना मिळाला, तर तोच खर्च सुमारे ३,६०० रुपयांवर येईल. वाचले ३,८०० रुपये. कर्जाचा हप्ता मात्र साधारण १०,५०० रुपयांचा, आणि त्यातील पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच ३,९५० रुपयांच्या पुढे जाते. नव्या गाडीचा वाढीव विमा यात मी धरलेलाच नाही.

इंधनाचा दर कुठे जाईल हे गृहीत धरून पाच वर्षांसाठी स्वतःला बांधून घेणे मला धोक्याचे वाटते. मुंबईत एप्रिल २०२२ मध्ये १२० रुपयांवर गेलेले पेट्रोल, आधी केंद्राने उत्पादन शुल्क आणि नंतर राज्याने व्हॅट कमी केल्यामुळे, जुलैत १०६ रुपयांच्या आसपास आले. त्याच वर्षी राज्याने सीएनजीवरील व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, आणि तरीही एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईत ६० रुपये किलोने मिळणारा सीएनजी ऑगस्टमध्ये ८६ रुपयांवर पोहोचला. ज्यांनी केवळ दरातील तफावत पाहून त्या वसंतात गाडी बदलली असेल, त्यांचा हिशेब चार महिन्यांत विस्कटला. उलट बाजूने पाहिले तर पेट्रोल उद्या लिटरमागे १० रुपयांनी वाढले, तरी आपला महिन्याचा खर्च सुमारे ७०० रुपयांनीच वाढेल.

दर वाढले की माणसे आधी रविवारची भटकंती कमी करतात, टाकी पूर्ण न भरता पाचशे-पाचशेचे पेट्रोल टाकतात, पण कामावर जाण्याची वाट आणि वेळ सहसा बदलत नाहीत. काही महिन्यांत नवा दर अंगवळणी पडतो आणि भटकंतीही पुन्हा सुरू होते. आपल्या पत्रात ‘सीएनजी आला की गावीही वरचेवर जाता येईल’ असे एक वाक्य आहे. गावी जाण्याची ओढ मी समजू शकतो, परंतु स्वस्त इंधनामुळे फेऱ्या वाढल्या तर वरची ३,८०० रुपयांची बचतही पूर्ण हाती लागणार नाही, हे आताच ध्यानात घ्यावे.

खरा वाव रोजच्या प्रवासात आहे. आठवड्यातून दोन दिवस लोकलने ठाण्याला आणि तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला गेलात, तर महिन्याला ४०० किलोमीटर, म्हणजे जवळपास ३,००० रुपयांचे पेट्रोल वाचेल. तिकीट आणि दोन्ही टोकांची रिक्षा वजा केली तरी बऱ्यापैकी रक्कम उरते, आणि त्यासाठी एक पैसाही कर्ज काढावे लागत नाही. गर्दीचा त्रास आहे, हे मी नाकारत नाही. म्हणूनच पाचही दिवस असे सुचवलेले नाही.

गॅरेजवाल्याने आहे त्याच गाडीला सीएनजी किट बसवण्याचे ६५,००० रुपये सांगितल्याचे आपण ओझरते लिहिले आहे. हा पर्याय नव्या गाडीपेक्षा पुष्कळ शहाणपणाचा आहे. किट बसवल्यावर हीच गाडी किलोला २२ किलोमीटर चालली, तर सध्याच्या धावेवर तो खर्च सुमारे दीड वर्षात वसूल होतो. दोन दिवस लोकलने जाऊ लागलात तर मात्र अडीच वर्षांच्या जवळपास लागतील. किट मान्यताप्राप्त असावे, त्याची आरटीओत नोंद करून विमा कंपनीला कळवावे, कारण नोंद नसलेल्या किटमुळे अपघाताच्या वेळी दावा अडकू शकतो.

धाव महिन्याला २,५०० किलोमीटर असती, तर इंधनात साडेनऊ हजारांच्या आसपास वाचले असते आणि नव्या गाडीचा मी वेगळा विचार केला असता. आपली धाव तितकी नाही. त्यामुळे तीन महिने लोकलचा प्रयोग करावा, प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल आणि झालेले किलोमीटर वहीत लिहावेत, आणि किट बसवायचे की नाही ते त्या आकड्यांवरून ठरवावे. तोवर गाडी विकू नये.