झाडावर चढून फांद्या तोडणाऱ्यांना सगळ्यात जास्त धोका कशाचा असतो?

लोकांना वाटतं पडण्याचा, तो आहेच, पण मी हेच काम करतो आणि मला विजेच्या तारेची जास्त भीती वाटते, कारण हात लागायलाच हवा असं नाही, ओली फांदी नाहीतर ॲल्युमिनियमची शिडी टेकली तरी करंट लागतो. जवळून लाईन जात असेल तर सप्लाय बंद केल्याशिवाय चढायचंच नाही, मालक कितीही घाई करू दे.

मग चेनसॉ, म्हणजे मोटरवर चालणारी साखळीची करवत. तिची साखळी ज्या लांब पट्टीभोवती फिरते त्या बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन झटक्यात उलटून तोंडाकडे येतं, म्हणून दोन्ही हातांनी धरायचं, खांद्याच्या वर कधीच न्यायचं नाही आणि स्वतःला दोन ठिकाणी बांधून घ्यायचं, एक दोर चुकून कापला गेला तरी दुसरा धरतो.

जड फांदी एका कापात काढू नका, आधी खालून थोडा काप, मग जरा पुढे, फांदीच्या टोकाकडे, वरून, नाहीतर ती साल ओढत खोडापर्यंत चिरते.

चढण्याआधी बुंध्याशी अळंबी उगवलीय का (ती झाड आतून कुजल्याची खूण असू शकते), मधमाश्यांचं पोळं आहे का तेही बघा. आणि खाली नुसता फांद्या ओढणारा नको, वर अडकलेल्याला उतरवता येईल असा माणूस हवा, हे बरेच जण करतच नाहीत.