‘नकार’, ‘इन्कार’ आणि कैफियतीतलं ‘नाकबूल’

मालवणच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलं आर्मेनियावर लिहितायत. ‘जेनोसाइड डिनायल’ला ‘नरसंहार नकार’ म्हटलेलं चालेल का?

बाई, ‘नरसंहार’ चुकीचा नाही, पण ढोबळ आहे. राफाएल लेमकिन या पोलिश-ज्यू वकिलानं १९४४ मध्ये ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला तो ग्रीक ‘गेनोस’ म्हणजे वंश किंवा जमात, आणि मारणे या अर्थाचा लॅटिन धातू जोडून. माणसं किती मेली यापेक्षा कोण म्हणून मारली, हे त्यात महत्त्वाचं. म्हणून ‘वंशसंहार’ बरा. तोही नेमका बसतो असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या करारात राष्ट्रीय आणि धार्मिक समूहही येतात, आणि जन्म रोखणं, मुलं हिरावून दुसऱ्या समूहात घालणं हेही येतं. त्यात रक्ताचा थेंब सांडत नाही. आपल्याकडे तळतळाट देताना ‘निर्वंश होईल’ म्हणतात, ते लेमकिनच्या अर्थाच्या जास्त जवळ जातं. (जाता जाता: ‘संहार’चा मूळ अर्थ एकत्र आणणं, आवरणं. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकात द्रौपदीची वेणी कोणी कापत नाही, मोकळे सोडलेले केस बांधले जातात. ‘उपसंहारा’तही तोच संहार.)

खरी अडचण ‘नकार’ची आहे. मुलीकडून नकार येतो, कर्जाला नकार मिळतो. पुढे ठेवलेली गोष्ट नको म्हणणं म्हणजे नकार. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल मराठी ‘इन्कार’ वापरते: मंत्र्यांनी वृत्ताचा इन्कार केला. मुलीकडून इन्कार आला असं कोणी म्हणत नाही. दोन्ही शब्द सारखे वाटतात, पण नातं नाही. ‘नकार’ संस्कृत, ‘इन्कार’ अरबी.

मी मात्र तिसरा शब्द सुचवतो, ‘नाकबुली’. त्याला कारण माझा धंदा. सावंतवाडीत एका वकिलांकडे मी तीस वर्षं कैफियती, म्हणजे दाव्याला प्रतिवादीनं द्यायची लेखी उत्तरं, टाइप केल्या. कोकणात कलमाची बाग आणि दिवाणी दावा सहसा एकत्रच वारसानं येतात. प्रतिवादी कैफियतीत कधीही सरसकट ‘सगळं खोटं’ म्हणत नाही. दाव्याचं एकेक कलम घ्यायचं आणि लिहायचं: वंशावळ कबूल. मूळ पुरुष कबूल. वादीची वहिवाट मात्र खोटी, खोडसाळ व या प्रतिवादीस नाकबूल. नव्वद टक्के कबूल करून दहा टक्क्यांवर बाग राखायची.

तुर्कस्तानची कैफियत नेमकी अशीच आहे. १९१५ पासून, आजचं तुर्कस्तान ज्यातून निघालं त्या ऑटोमन साम्राज्यात लाखो आर्मेनियन मारले गेले किंवा सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलताना भुकेनं मेले. अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. माणसं मेली हे अंकाराला, म्हणजे तुर्की सरकारला, कबूल. महायुद्ध होतं, रोगराई होती, दोन्हीकडचे मेले, हेही कबूल. समूह नष्ट करण्याचा हेतू तेवढा नाकबूल. आणि १९४८ च्या कराराचा सगळा डोलारा त्या हेतूवरच उभा आहे! वकील हुशार म्हणायचा.

त्यांचे शब्दही बघा. त्या हाकलण्याला तुर्कीत ‘तेहजीर’ म्हणतात. आपल्या ‘हिजरी’ सनातलाच धातू, अर्थ स्थलांतर. वंशसंहाराला तुर्की शब्द आहे, ‘सोयकिरिम’ (‘सोय’ म्हणजे वंश, आपल्या सोयीशी संबंध नाही). पण त्याच्या आधी सरकारी भाषेत कायम ‘सोझदे’ लागायचं, म्हणजे ‘तथाकथित’. ‘सोझ’ म्हणजे शब्द, तेव्हा ‘शब्दापुरता’ म्हणा. आर्मेनियन लोक ‘मेद्झ येघेर्न’ म्हणतात, महाअपराध. ओबामांनी अध्यक्ष असताना हा आर्मेनियन शब्द वापरून इंग्रजी शब्द टाळला. तो उच्चारला बायडन यांनी, २४ एप्रिल २०२१ ला.

इंग्रजांची तऱ्हा निराळी. जालियनवाला बागेत सरकारनं नेमलेल्या हंटर समितीनं ३७९ मृत धरले, काँग्रेसच्या चौकशीनं सुमारे हजार. म्हणजे घटना कबूल, आकडा नाकबूल. शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, थेरेसा मे यांनी संसदेत दिलगिरी व्यक्त केली, माफी मागितली नाही. मराठीतली क्रियापदं इथे चोख आहेत: माफी कुणाकडे तरी मागावी लागते, दिलगिरी नुसती व्यक्त करता येते. ‘दिलगीर’ म्हणजे ज्याचं मन जड झालंय तो, एवढंच.

दिवाणी कायद्यात आणखी एक गंमत आहे: जे स्पष्टपणे नाकारलं नाही, ते कबूल धरतात. मौन महागात पडतं. देशांच्या आणि संस्थांच्या बाबतीत मौन स्वस्त असतं. आपल्या दक्षिणेला, गोव्यात कुंकळ्ळीला जा. १५८३ मध्ये तिथे गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्र्यांना मारलं. त्यांना चर्चनं हुतात्मे मानलं, १८९३ मध्ये ‘धन्य’ (संतपदाच्या अलीकडची पायरी) ठरवलं. त्याच प्रकरणात पोर्तुगीजांनी गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. त्यांचं स्मारक गावात उभं राहायला चार शतकं लागली. तोवर कोणी ‘नाकबूल’ म्हणण्याचेही कष्ट घेतले नव्हते. ‘माका ठावक नाय’ एवढं पुरत होतं.

तेव्हा मथळा ‘वंशसंहाराची नाकबुली’ असा करा. मुलांना जड वाटला तर ‘इन्कार’ चालेल. ‘नकार’ मात्र लग्नाच्या स्थळांसाठी राहू दे.