गोळी घ्यावी की डोक्याला लावावं?

“मॅडम, केसगळतीच्या गोळीनं पुरुषत्व जातं म्हणतात. मग लावायचं औषधच बरं ना? त्यात काही धोका नाही.” सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा हा तरुण (ओळख बदलली आहे). बायकोला पाचवा महिना. असंच विचारणारे बरेच येतात.

या गोळीतलं आणि लावायच्या औषधातलं फिनास्टेराइड टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून (हार्मोनपासून) डीएचटी हे दुसरं संप्रेरक तयार होणं रोखतं. या डीएचटीमुळेच टाळूवरचे केस बारीक होत जातात. 1 मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत 1997 मध्ये मान्यता मिळाली. तेव्हाच्या चाचण्यांत इच्छा किंवा ताठरता कमी झाल्यासारख्या तक्रारी शंभरातल्या चौघांनी केल्या. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही दोघांनी केल्या. बहुतेकांचा त्रास गोळी थांबवल्यावर गेला, काहींचा मात्र रेंगाळला. म्हणून ही भीती मी हसण्यावारी नेत नाही.

पण लावायचं औषधही रक्तात उतरतंच. 0.25 टक्क्यांच्या फवाऱ्याच्या चाचणीत केस जवळजवळ गोळीइतकेच वाढले. रक्तातलं डीएचटी गोळीनं निम्म्याहून जास्त घटलं, फवाऱ्यानं सुमारे एक तृतीयांश. म्हणजे धोका कमी, शून्य नव्हे.

त्याच्या घरी तर प्रश्न आणखी वेगळा होता. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियाच्या वाढीला डीएचटी लागतं. न मोडलेल्या गोळीवर आवरण असतं, त्यामुळे ती हाताळताना औषध अंगाला लागत नाही. डोक्याला लावलेलं औषध मात्र हाताला, उशीला, टॉवेलला लागतं. बायकोचा त्याच्याशी संपर्क यायला नको, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. लग्नाआधी काही महिने तो इतका उदास होता, की जगणं नकोसं झालं होतं. हे त्यानं त्वचेच्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. “केसांचा आणि त्याचा काय संबंध?” आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं 2025 मध्ये आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं स्पष्ट केलं. डॉक्टरांसाठी आम्ही दोघांनी मिळून चिठ्ठी लिहिली: बायको गरोदर, पूर्वी तीव्र उदासी.

घाईनं फायदाही नव्हता. परिणाम दिसायला 3 ते 6 महिने लागतात, आणि औषध सोडलं की वर्षभरात मिळवलेले केस जातात. डॉक्टरांनी औषधाचा निर्णय बाळंतपणानंतर घ्यायचं ठरवलं, आणि त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. पुढच्या भेटीला तो बायकोला घेऊन गेला.