आमची पोरगी चोरांना सोडवते

एप्रिलमधली दुपार, दोनचा सुमार. सोलापुरात त्या वेळी शहाणं माणूस घराबाहेर पडत नाही. डफरीन चौकाजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत काकू आल्या त्या पदराने तोंड पुसतच. ही वेळ त्यांनी मुद्दाम मागितली होती, हे नंतर कळलं. शेजारणी त्या वेळी झोपलेल्या असतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहायला काकूंची परवानगी आहे.)

बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, मला काही झालेलं नाही. पोरीला समजवायचंय."

मुलगी वकील. आधी दुसऱ्यांच्या हाताखाली होती, आता लोक अभिरक्षक कार्यालयात लागली आहे. ज्या आरोपीला वकील परवडत नाही त्याची केस तिथले वकील लढतात. आरोपीकडून एक रुपया घेत नाहीत, पगार विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. सध्या तिच्याकडे एका घरफोडीची केस होती, आरोपी सेटलमेंट भागातला विशीतला मुलगा. भिशीत एकजण सगळ्यांसमोर बोलून गेली, "तुमची लेक चोरांना सोडवते म्हणे." त्यातच एक स्थळ आलं होतं, ते कांदेपोह्यांपर्यंतही पोचलं नाही. तेव्हापासून काकू रात्री एक-दीडला जाग्या होतात, त्या उजाडेपर्यंत जाग्याच.

वकिलांच्या आया, बायका माझ्याकडे येतात. एकदा एका वकिलाचे सासरे आले होते. शब्द वेगळे, दुखणं एकच: आपलं माणूस वाईट माणसाच्या शेजारी उभं राहतं.

पहिल्या भेटीत मी घोळ घातला. ऐकायचं सोडून शिकवत बसले. अटक झालेल्याला वकिलाचा हक्क संविधानाच्या २२ व्या कलमाने दिलाय, गरिबाला मोफत वकील मिळावा हे १९७६ च्या दुरुस्तीने ३९-अ कलमात आलं. अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असे ठराव वकील संघटना करतात, ते बेकायदा आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठणकावलं. महाराष्ट्रातल्याच २००३ च्या एका प्रकरणातलं उदाहरणही दिलं. भटक्या जमातीतले सहाजण, त्या सहाही जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सगळ्यांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं. कुणी वकील मागे लागला नसता तर? शेवटी सेटलमेंटवरही आले. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, आपल्याच गावात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली, तीच ही सेटलमेंट. तो कायदा १९५२ मध्ये गेला. नजर मात्र गेली नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, पर्स उचलली. "म्हणजे तुम्हीपण तिच्यातल्याच."

त्या परत येतील असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या बुधवारी आल्या. या वेळी मी गप्प राहिले, आणि मग एक गोष्ट दिसली. 'घरफोडी' हा शब्द आला की त्यांचा हात गळ्याकडे जायचा. गळ्यात साधी काळी पोत होती.

"काकू, तुमच्या घरी कधी चोरी झाली होती?"

अकरा वर्षांपूर्वी. तुळजापूरला दर्शनाला गेले होते, एकच रात्र घर बंद. मागच्या दाराची कडी उचकटलेली. सासूबाईंच्या पाटल्या आणि मोहनमाळ, मिळून चार तोळे, लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले. लेक तेव्हा नववीत होती. पोलीस आले, कपाटावर ठशांची काळी पूड मारली. ती काकूंनी ओल्या फडक्याने पुसली, तरी कुलपाच्या भोकाशी एक डाग अजून आहे. दोनदा चौकीत बोलावणं आलं, मग तेही थांबलं. कोणी सापडलं नाही.

"माझ्यासाठी कोण उभं राहिलं, मॅडम?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. यावर कुठलं कलम सांगणार होते? इतके दिवस त्या लेकीवर चिडल्या होत्या. पण राग अकरा वर्षं जुना होता. लेकीला याचा पत्ताच नव्हता. तिला मी एकदा वीस मिनिटं बोलावलं, तर ती म्हणाली, "आईला माझी लाज वाटते."

त्या दिवशी तिघींनी बसून काही गोष्टी ठरवल्या. जेवताना केस काढायची नाही. कोर्टातून निघताना लेकीने एक फोन करायचा, एकच. कुणी धमकावलं तर 'आई घाबरेल' म्हणून लपवायचं नाही, वरिष्ठांना आणि पोलिसांना लगेच सांगायचं. ही भीती खोटी नसते, आणि ती उडवून लावणाऱ्या मुलांचा मला रागच येतो. भिशीसाठी एक वाक्य पाठ करून घेतलं: "तिला सरकारी योजनेत नेमलंय, गरिबांच्या केसेससाठी." पुढे वाद घालायचा नाही, चहा मागायचा. झोपेसाठी गोळी लागली नाही. लागली असती तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

शेवटी मी विचारलं, "लेकीला काम करताना कधी पाहिलंय?" कधीच नाही. फौजदारी खटले सहसा खुल्या न्यायालयात चालतात, मागच्या बाकावर कुणालाही शांत बसता येतं. लेक आधी नको म्हणाली, मग तयार झाली.

पुढच्या खेपेला काकूंनी मला ती उलटतपासणी जशीच्या तशी करून दाखवली, आवाज बदलून. पिंजऱ्यात पंच उभा. पंचनाम्यावर सही कुठे केली? पोलीस ठाण्यात. माल सापडला तेव्हा तुम्ही तिथे होतात? नाही, मला बोलावलं तेव्हा माल टेबलावर होता. "आणि मॅडम, पोरगी वरच्या आवाजात एक शब्द बोलली नाही. घरी तर केवढी ओरडते!"

मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. "आमच्या वेळी असाच एखादा धरून आणला असता, तर मला बरं वाटलं असतं. पाटल्या काही आल्या नसत्या."

केस अजून चालू आहे. काकूंना आता साडेतीनपर्यंत झोप लागते. परवा शेंगाचटणीचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, स्थळाचं सोडा, पण कपाटावरचा तो डाग घालवायला काही मिळतं का? मोहनमाळेबद्दल अजून आम्ही नीट बोललेलोच नाही. ते पुढच्या बुधवारी.